आधी आपण सोडायचं

मी बोलते तसं लिही. मध्ये मध्ये शहाणपणा करून वाक्य सरळ करू नकोस. माझं बोलणं वाकडंच आहे.

माझी थोरली जाऊ, म्हणजे तुझी मोठी आजी. तू तिला पाहिलंस ते शेवटी शेवटी, दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलेली. तू मला एकदा विचारलंस, आजी, मोठ्या आजीला बोलता येत नाही का गं? मला हसूही आलं आणि रडूही. अगं, तिला बोलता येत नाही? अख्खा भाजीबाजार तिच्या शब्दावर चालायचा!

अंगाने एवढीशी. पाय मात्र मोठे, पुरुषासारखे. आमचे सासरे म्हणायचे, ही सून देवाने वरून आखडती घेतली आणि खाली सढळ सोडली. आवाज जाडा. हसली की तोंडावर हात धरायची, पण हसू बोटांतून बाहेर यायचं. पालेभाजी विकायची ती. पालक, मुळा, कोथिंबीर. शेजारी मी, लिंबू मिरची आलं घेऊन. दोघी जावा मांडीला मांडी लावून धंदा करतात आणि झिंज्या ओढत नाहीत, याचंच लोकांना नवल. गिऱ्हाइकं विचारायची, सख्ख्या बहिणी का? मी म्हणायची, छे, बहिणी असतो तर भांडलो नसतो का!

बाजारात तिला नाव पडलं होतं समजूत. समजूतमावशी, समजूतवहिनी, ज्याला जे जमेल ते. कारण भांडण झालं की तिला हाक.

तिची समजूत घालायची तऱ्हा वेगळी होती. बाकीचे लोक कसं करतात? तुझं थोडं चुकलं, तुझं थोडं चुकलं, आणि दोघांना गप्प बसवतात. ही तसं नाही. ही आधी स्वतःचं काहीतरी सोडायची.

एकदा बटाटेवाला आणि मासळीवाली असे जुंपले, असे जुंपले की विचारू नकोस. मासळी धुतलेलं पाणी बटाट्याच्या पोत्यांखाली जायचं.

बटाटेवाला ओरडला, "गिऱ्हाईक बटाटा नाकाला लावून विचारतं, हा शेतातला का समुद्रातला?"

मासळीवाली काय कमी! "मग मासे काय कोरडे धुऊ? आणि तुझ्या बटाट्याला निदान माझ्यामुळे वास तरी आला. इतके दिवस नुसती माती होती!"

हिने काय करावं? उठली. आपली टोपली, आपलं पोतं ओढत ओढत नेलं आणि बरोबर त्या पाण्यात नेऊन मांडलं. म्हणाली, "बटाटेवाले भाऊ, तुम्ही माझ्या जागेवर जा. मी इथं बसते. माझ्या भाजीला तसंही पाणी लागतंच."

तिची जागा म्हणजे बाजारातली सगळ्यात चांगली. भिंतीची सावली, हाताशी नळ. आमच्या सासूने तिला दिलेली. बटाटेवाला बघतच राहिला. "असं कसं वहिनी? तुम्ही घाणीत बसणार आणि मी सावलीत? मला काय जनाची नाही मनाची नाही?" संध्याकाळच्या आत त्याने विटा आणून पोती वर चढवली, आणि मासळीवालीने कुठून तरी फुटका पाइप आणून पाणी गटाराकडे वळवलं. ही परत आपल्या सावलीत. कोथिंबिरीवर पाणी शिंपडत बसली, जशी काही कुठे गेलीच नव्हती.

मी विचारलं, "आणि तो खरंच जाऊन बसला असता तर?"

म्हणाली, "आधी आपण सोडायचं. समोरच्याला लाज वाटायला जागा ठेवायची. सोडलेलं कुणी उचलत नाही गं."

आणि खरंच, कुणी उचललं नाही कधी. हळूहळू सगळा बाजारच तसं करायला लागला. भांडण मिटवायचं, तर पहिल्याने काहीतरी खाली ठेवायचं, मग दुसऱ्याने ते उचलून परत हातात द्यायचं आणि वर आपलं थोडं घालायचं. नाही म्हणायला एका टोमॅटोवाल्याने उचललं होतं एकदा. तर बाजाराने त्याच्याकडे अशी पाठ फिरवली की सुट्टे मागितले तरी कुणी देईना. आपल्या पायांनी बाजार सोडून गेला तो.

घरातही तिचं तेच. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा म्हणाली, खिडकीची खोली तू घे, तुझी पोरं लहान आहेत. आता हे ऐकल्यावर मी खिडकीची खोली घेईन? मी म्हटलं, ती तुम्हीच ठेवा, मला मागची द्या, आणि वर पाण्याची मोठी टाकी पण तुमच्याकडेच राहू द्या. झालं वाटप. शेजारच्या घरात त्याच वर्षी वाटप झालं, तर त्यांनी दाराची चौकट मधोमध कापली होती. लिही हे, खरं आहे ते.

पालिकेचं म्हणशील तर आमचं आणि त्यांचं नातं फार सोपं होतं. त्यांची गाडी यायची, टोपल्या उचलायची. आम्ही पळायचो, हाताला लागेल ते घेऊन. पळता पळता त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसायचो. ते चोर, आम्ही चोर. हिशोब चोख.

मग एक दिवस गाडी आली नाही. त्याऐवजी पोरंपोरी आली, शिकलेली, गळ्यात ओळखपत्रं. आणि त्यांच्याबरोबर एक मॅडम. हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हा बाजार तुमचा आहे. इथं नवीन इमारत व्हायची आहे, पण ती कशी व्हावी ते तुम्ही सांगायचं. तुम्हाला विचारल्याशिवाय एक वीट लागणार नाही."

आम्ही एकमेकींची तोंडं बघितली. बटाटेवाला हळूच म्हणाला, "निवडणूक आली का?"

नव्हती आली. ती पोरं खरंच एवढा मोठा फळा घेऊन आली होती आणि पिवळ्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या. म्हणाली, तुमच्या स्वप्नातला बाजार कसा आहे ते सांगा, आम्ही लिहितो, तुम्ही चिकटवा.

मासळीवाली म्हणाली, "माझ्या स्वप्नात बाजार येत नाही गं पोरी. स्वप्नात तरी मला झोपू दे!"

पण सांगितलं सगळ्यांनी. बटाटेवाल्याने पंखा मागितला. आम्ही बायकांनी मुतारी मागितली, दाराला कडी असलेली. कुणी दिवे, कुणी पाणी. पिवळाधमक झाला फळा. आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला फार बरं वाटलं. आयुष्यभर ज्यांनी ढकललं त्यांनी विचारलं होतं, बाई तुला काय पाहिजे. त्या मॅडम माझ्या मिरच्यांच्या पोत्यावर बसल्या आणि दुपारभर शिंकत होत्या बिचाऱ्या, पण उठल्या नाहीत.

मग म्हणाल्या, समिती होणार आहे. पालिका, दुकानदार, शेजारची सोसायटी आणि तुम्ही. सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तुमचा एक प्रतिनिधी द्या. हवं तर मतदान घेऊ या.

मतदान कसलं! सगळ्यांच्या माना एकदम भिंतीकडे वळल्या. ही मुळ्याच्या जुड्या बांधत होती. मान वर करून म्हणाली, "मला वाचता येत नाही हो."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, वाचायला आमच्याकडे खूप लोक आहेत. तुमचा आवाज हवा आहे."

ती एकटी जायला घाबरली म्हणून मी बरोबर. पालिकेच्या इमारतीत लांब बोळ, दोन्ही बाजूला फायलींचे गठ्ठे खिडकीपर्यंत. उजेड यायचा तो कागदांतून गाळून. आतल्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर काच. थंडी अशी सोडलेली की हिच्या पायांची बोटं वळायला लागली. माझी खुर्ची गोल फिरायची. मी टेबलाला घट्ट धरून बसले, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसावं लागलं असतं. सगळ्यांपुढे पाण्याची एवढीएवढी बाटली. समोर पालिकेचे साहेब, त्यांच्या बाजूला त्या मॅडम, इकडे कापडदुकानाचे शेठ, तिकडे सोसायटीतले एक निवृत्त काका.

पहिलीच तक्रार निघाली, बाजाराच्या फाटकाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, रस्ता अडतो. शेठनीच काढली. शेठच्या स्वतःच्या दुकानातल्या कपडे घातलेल्या बाहुल्या अर्ध्या पदपथावर उभ्या असतात, पण ते असो.

ही उठून उभी राहिली. म्हणाली, "बाहेरच्या आमच्या बायका मी आत घेते. आम्ही सरकून बसू. रस्ता तुमचा मोकळा."

आणि बसली. बसली आणि शेठकडे बघायला लागली. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. आता शेठ म्हणणार, असं कसं मावशी, तुम्ही एवढं सोडता, मग मी माझ्या बाहुल्या आत घेतो. ही म्हणणार, राहू द्या हो. आणि मग बोलणं सुरू होणार.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठनेही वाजवल्या. साहेब म्हणाले, "पुढचा विषय."

ही बघतेच आहे शेठकडे. त्याला वाटलं तिला तहान लागली. आपली बाटली पुढे सरकवली. "घ्या ना, पाणी घ्या मावशी."

जिना उतरताना म्हणाली, "वेळ लागेल. नवीन आहेत."

मी म्हटलं, "कोण नवीन? ते का आपण?"

"तेच. त्यांना पद्धत ठाऊक नाही अजून."

बाहेरच्या बायका आत आल्या. सगळ्या बाजाराने अंग चोरलं. माझं लिंबांचं पोतं अर्धं दुमडून मी मांडीवर घेतलं. बटाटेवाल्याने पोत्यावर पोतं रचलं. आता तो दिसायचाच नाही, नुसता आवाज यायचा, जणू बटाटेच बोलतात. कुरकुर झाली, पण समजूतने कबूल केलंय ना, मग झालं, असं म्हणून सगळे बसले.

पुढच्या बैठकीला सोसायटीतले काका. गोड माणूस, बोलणं साखरेत घोळलेलं. म्हणाले, पहाटे तुमच्या भाजीच्या गाड्या येतात, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची झोप मोडते. ही म्हणाली, गाड्या उशिरा आणू. अगं, पालेभाजीचा जीव पहाटेतच असतो! उन्हं चढल्यावर आलेला पालक म्हणजे आजारी माणूसच. बाकी कुणाला पडला नसता एवढा फरक तिला पडणार होता. म्हणूनच तिने सोडलं. दुसऱ्याचं सोडून मोठेपणा मिरवणारी नव्हती ती.

काका म्हणाले, "वा वा, फारच छान. आणि ते दिवसभर ओरडणं असतं ना, ते पण जरा..."

"तेही सोडलं," ही म्हणाली.

काकांनी काय सोडलं? काकांनी निःश्वास सोडला.

मग झाला आमचा मुक्यांचा बाजार. भाजी ओरडल्याशिवाय विकली जाते का? मासळीवाली दोन्ही हातांनी मासा धरून नुसती हलवायची, जशी आगगाडीला झेंडी दाखवतेय. हसायचो आम्ही. पण दुपारी हिच्या टोपलीत माना टाकलेल्या जुड्या बघितल्या की हसू जायचं.

घरी मी तिला म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही सोडताय आणि ते उचलतायत."

"लाज वाटायला वेळ लागतो गं."

"लाज वाटायला आधी ती असावी लागते."

"माणसंच आहेत ना? त्यांनाही आया असतील."

"असतील. त्या आया काचा लावलेल्या दुकानातून भाजी घेत असतील."

चिडली माझ्यावर. म्हणाली, "मग भांडू कुणाशी? तू बघितलंस ना, कुणी वाईट बोलतं का तिथं? कुणी आवाज चढवतं? त्या मॅडम तर मला बसायला उशी आणून देतात." ते खरं होतं. मॅडम मनाच्या चांगल्या होत्या, आजही म्हणेन. हिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, मावशी, मी वर बोलते. बोलतही असतील. पण त्या वरच्याला कधी आम्ही पाहिलं नाही. आमच्या बाजारात ज्याच्याशी भांडण तो समोर उभा असायचा, त्याचा चेहरा पडलेला दिसायचा. इथे विचारलं की म्हणायचे, वरून आलंय. आता वरच्याला लाज कशी आणायची? छताकडे बघून?

मग नकाशा आला. भिंतीवर रंगीत चित्र. झाडं, कारंजं, गोरीगोमटी माणसं हात हलवत चाललेली. कुणाच्या डोक्यावर टोपली नाही. साहेबांच्या हातात लाल ठिपका पाडायची कांडी होती. ठिपका खाली फिरला, इथं गाड्या लावायची जागा, इथं दुकानं.

हिने विचारलं, "ह्यात आम्ही कुठं?"

ठिपका भिंतीवरून सरसर वर चढला. "इथे. वरच्या मजल्यावर. एकदम हवेशीर. आणि बघा मावशी, तुमच्या सगळ्या सूचना घेतल्यात. हा पंखा. ही बायकांसाठी मुतारी. दिवे. पाणी."

होतं गं सगळं. पंखा होता, मुतारीला कडी होती. जे जे चिठ्ठीवर होतं ते ते सगळं दिलं होतं. आम्हाला खाली राहू द्या, हे मात्र एकाही चिठ्ठीवर नव्हतं. कोण लिहील? पायाखालची जमीन कुणी मागतं का? ती आहेच म्हणून तर बाकीचं मागतो माणूस.

बाजारात कळलं आणि सगळे हबकले. भाजी घ्यायला जिना चढणारं गिऱ्हाईक ह्या जगात जन्माला आलेलं नाही. बसमधून उतरावं, दोन जुड्या पिशवीत कोंबाव्या आणि घरी जावं, ह्यावर आमचा संसार. मासळीवाली हिच्यापुढे येऊन बसली. तिची गंमतजंमत सगळी आटली होती. म्हणाली, "मावशी, आता शेवटची बैठक आहे. ह्या वेळी काहीसुद्धा सोडू नका. नुसतं नाही म्हणा. नाही म्हणजे नाही. आम्ही बघतो पुढं."

ही म्हणाली, "नुसतं नाही म्हणून कुणाचं भांडण मिटलंय?"

"मिटवायचं नाहीय हो! भांडायचंय!"

ही जुड्या बांधायला लागली. मला वाटलं, पटलं असेल. मला काय ठाऊक तिच्या मनात काय शिजतंय.

बैठकीत ती उठली. टेबलाच्या काचेवर हात टेकला. म्हणाली, "साहेब, बाजारात माझी एक जागा आहे. भिंतीकडची, सावलीची, नळाजवळची. सासूने दिलेली. माझं दुसरं काही नाही. ती मी सोडते. तुमच्या नव्या इमारतीत मला गाळा नको, माझ्या नावाने काही नको. मी घरी बसते. पण ह्यांना खाली राहू द्या."

आमच्या बाजारात स्वतःची जागाच कुणी खाली ठेवलीय असं कधी झालं नव्हतं. त्यापुढे समोरच्याने काय करावं? पाय धरावे आणि सगळं परत द्यावं. दुसरं काही करताच येत नाही.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. शेठ टेबलाकडे बघायला लागला. साहेब उठले. मला वाटलं, आली! शेवटी आली लाज! साहेब हिच्यापर्यंत चालत आले, हात जोडले आणि म्हणाले, "असे नागरिक असतील तर शहराचं भाग्य. मावशींनी एवढा त्याग केल्यावर आता कुणाच्या विरोधाचा प्रश्नच राहत नाही. मंजूर करू या."

शिपायाला पळवलं. फुलांचा गुच्छ आला, झगझगीत कागदातला. तिच्या हातात दिला, सगळे बाजूला उभे राहिले, फोटो काढला. ही फोटोवाल्याकडे बघतच नव्हती. साहेबांना विचारत होती, "आणि खाली? खाली राहतील ना?"

साहेब फोटोवाल्याकडे बघत हसऱ्या तोंडाने म्हणाले, "बघू या ना. पुढच्या टप्प्यात बघू या."

येताना गुच्छ तिने बसथांब्याच्या बाकावर ठेवला आणि चालायला लागली. मागून एक पोरगी धावत आली. "आजी, तुमची फुलं राहिली!" मोठ्या प्रेमाने परत हातात दिली. काय करणार? घेतली.

इमारत झाली. सगळे वर गेले. वरचा पत्रा पालेभाजीवर तापायचा, पंखा फिरायचा आणि जी काही ओल असेल ती शोषून घ्यायचा. खाली शेठच्या पुतण्याने भाजीचं दुकान काढलं, थंड कपाटांचं. गिऱ्हाईक तिथेच थांबायला लागलं. आमचे लोक तक्रार घेऊन पालिकेत गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमच्याच मावशींनी मान्य केलंय. तुम्हीच पाठवलेलं ना त्यांना? खाली फोटो लावलाय, बघा जाऊन."

लावला होता. बाजाराच्या दाराशीच, काचेच्या चौकटीत. ही, तो गुच्छ, आणि मोठ्या अक्षरांत काहीतरी. मी एका मुलीला वाचायला सांगितलं. म्हणाली, लोकांच्या सहभागातून लोकांसाठी.

पूर्वी गाडी यायची तेव्हा निदान त्यांना शिव्या देता यायच्या गं. आता शिव्या द्यायच्या तर कुणाला? घरचंच माणूस सापडलं. बटाटेवाला पाठीवर पोतं घेऊन जिना चढताना त्या फोटोपुढे थांबायचा आणि म्हणायचा, "नमस्कार वहिनी! कृपा आहे तुमची!" रोज. पुढे तेही बंद झालं. थुंकायला लागला.

मासळीवाली घरी आली. आत आली नाही, दारातच उभी. "मी म्हटलं होतं, नुसतं नाही म्हणा."

ही म्हणाली, "हो. म्हटली होतीस."

"काय मिळालं तुम्हाला? खरं सांगा. कुणी म्हणतं घर मिळालं, कुणी म्हणतं..."

मी आतून धावले, हातात लाटणं. "जीभ झडेल तुझी! तिची स्वतःची जागा गेली, दिसत नाही का?"

मासळीवाली शांतपणे म्हणाली, "जागा आमचीही गेली. आमचा फोटो नाही लागला."

हिने मला हाताला धरून मागे ओढलं. त्या दिवसापासून तिने बोलणंच कमी केलं. आवाज गेला नव्हता. घेणारं कुणी राहिलं नव्हतं.

आणि ऐक, मला जास्त काय टोचतं. वरच्या मजल्यावर मी अजून बसते ना, मी बघते. आता तिथं भांडण झालं की कुणी आधी काही सोडत नाही. पंख्याखालच्या जागेवरून दोघींची जुंपली होती, एक बिचारी जुन्या सवयीने म्हणाली, बरं बाई, घे, तू बस. दुसरी लगेच जाऊन बसली! आणि बाजाराने पाठ फिरवली का? कुणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. शिकले सगळे. पालिकेने एवढं एक मात्र आम्हाला नीट शिकवलं.

पुढे एक नवे साहेब घरी आले. जुने कुठे बदलून गेले होते, मॅडमही गेल्या होत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाजार होता, तिथंही असंच करायचं होतं. म्हणाले, "मावशी, तुमचा अनुभव मोठा आहे. तिथल्या बायका ऐकत नाहीत. तुम्ही येऊन चार शब्द सांगा."

मी खुणेने नको नको करत होते. ही म्हणाली, येते.

मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, त्याच पिवळ्या चिठ्ठ्या. हिच्या हातात माइक दिला. इतक्या दिवसांनी तिचा जाडा आवाज मी मोठ्याने ऐकला. म्हणाली, "बायांनो, ह्यांना काही देऊ नका. आधी नको, नंतर नको. हे परत करत नाहीत. चिठ्ठी लिहू नका, प्रतिनिधी देऊ नका. नुसतं नाही म्हणा." साहेबांनी माइक काढून घेतला, पण झालं होतं तिचं सांगून. येताना त्यांची गाडी मिळाली नाही आम्हाला, चालत आलो.

त्या बायकांनी ऐकलं तिचं. नाही म्हणाल्या. चिठ्ठ्या फाडल्या. मग काय, सहकार्य करत नाहीत म्हणून एका सकाळी गाड्या आल्या, माणसं आली, टोपल्या, तराजू, सगळं उचललं. बाजार साफ.

ती बातमी मीच आणली घरी. तिने विचारलं, "आणि बायका?"

"पांगल्या. काही जणी शाळेच्या भिंतीला बसतात म्हणे. गाडी आली की पळतात."

"एकमेकींशी बोलतात का?"

"म्हणजे? बोलतात की. एकमेकींच्या टोपल्या उचलून पळतात, न बोलून कसं चालेल?"

रस्त्याकडे बघत म्हणाली, "मग बरं झालं त्यांचं."

मला राग आला. "काय बरं झालं? डोक्यावर छप्पर नाही त्यांच्या!"

"आपल्याला आहे ना," म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून गेले. माझा गाळा मासळीवालीच्या बरोबर समोर. मी लिंबं मांडली. तिने मासे मांडले. दिवसभर दोघी समोरासमोर बसलो, आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही.